व्हर्निअर म्हणाला ४.४, मायक्रोमीटर म्हणाला ३.९: एका जुन्या मोटारसायकलच्या ब्रेक डिस्क

भाच्याची मोटारसायकल १९९८ सालची. ६०० सीसी, चार सिलेंडर, पुढे २९६ मिलिमीटरच्या दोन डिस्क आणि दोन्हीकडे दोन-दोन पिस्टनचे सरकते कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे. त्याच्याकडे आली तेव्हा दोन मालक करून आली होती आणि मीटरवर ६१,००० किलोमीटर झाले होते. इंजिन खणखणीत. तक्रार एकच. ऐंशीच्या वेगात ब्रेक हलका धरला की लिव्हर बोटांना परत ढकलायचा. धक-धक-धक. वेग उतरेल तशी धकधकही संथ व्हायची. ब्रेक करकचून दाबला तर मात्र फारसं काही जाणवायचं नाही.

पॅड त्याने दोनदा बदलले होते. पहिल्यांदा तीनेकशे किलोमीटर बरं वाटलं, दुसऱ्यांदा तेवढंही नाही. त्यामुळे माझ्याकडे आला तो निदान घेऊनच.

"मामा, डिस्क वाकल्यात. नव्या टाकायच्या. तू फक्त कुठल्या घेऊ ते सांग."

मी टूलरूममध्ये काम करतो. मोजणं हाच धंदा, त्यामुळे 'वाकलंय' असं कुणी म्हटलं की माझा हात आधी डायल गेजकडे, म्हणजे बारीकशी डगमगही काट्यावर दाखवणाऱ्या मापाकडे जातो. शिवाय कुठल्या घ्यायच्या हा नंतरचा प्रश्न होता. जुन्या कशाने गेल्या ते कळलं नसतं, तर नव्याही त्याच वाटेने गेल्या असत्या.

आधी मोजणी

त्याने आपल्या परीने मोजून पाहिलं होतं. व्हर्निअरने उजवी डिस्क ४.४ भरली, डावी त्याहून जरा जास्त. नवी डिस्क साडेचार मिलिमीटरची असते आणि डिस्कच्या आतल्या भागावर किमान जाडी ४.० अशी कोरलेली होती. म्हणजे त्याच्या हिशेबाने डिस्कमध्ये जीव भरपूर होता, फक्त वाकल्या होत्या.

मी त्याला डिस्कच्या काठावरून आतल्या बाजूला नख ओढायला सांगितलं. नख अडकलं. पॅड डिस्कच्या अगदी टोकापर्यंत पोचत नाही. त्यामुळे बाहेरची मिलिमीटर-दीड मिलिमीटरची कड झिजतच नाही, जन्मजात जाडीची राहते, आणि आतला पट्टा झिजत जाऊन तिथे पायरी तयार होते. व्हर्निअरचे सपाट जबडे बाहेरून घातले की ते या पायरीवर टेकतात. म्हणजे मोजली जाते ती कड. ज्या पट्ट्यावर पॅड घासतो, त्याला व्हर्निअर शिवतसुद्धा नाही.

मायक्रोमीटरची अणी लहान असते, ती कड ओलांडून आत बसते. दोन्ही डिस्कवर मार्करने आठ-आठ खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेला पट्ट्याच्या मध्यावर माप घेतलं. डावीकडे सगळी मापं ४.०५ ते ४.०८ मध्ये आली. उजवीकडे ३.९२ ते ३.९७. उजवी डिस्क किमान जाडीच्या खाली कधीचीच गेली होती, आणि डावी उंबरठ्यावर उभी होती.

मग वाकण्याचा मुद्दा. पुढचं चाक उचललं आणि डायल गेज लावायला गेलो. इथे एक गंमत होते. चुंबकाचा स्टँड फोर्कला चिकटेल असं वाटतं, पण फोर्कचा खालचा भाग अॅल्युमिनिअमचा, तो चुंबकाला विचारत नाही. शेवटी एका छोट्या सी-क्लॅम्पने पट्टी आवळली, तिला गेज लावला आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. डगमग डावीकडे ०.११ मिलिमीटर, उजवीकडे ०.१४. गाडीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.३ होती. म्हणजे वाकण्याचा आरोप खोटा होता.

भाच्याला ते पटेना. "मग लिव्हर ढकलतो कोण?"

ढकलत होता तो जाडीतला फरक. उजव्या डिस्कवर सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ जागेत ०.०५ मिलिमीटरचं अंतर होतं. एवढंसं अंतर लिव्हरपर्यंत कसं पोचतं, ते त्याला कागदावर मांडून दाखवलं. एका कॅलिपरमध्ये २७ मिलिमीटरचे दोन पिस्टन आहेत. दोघांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे ११४५ चौरस मिलिमीटर. डिस्क जाड होते तिथे पिस्टन ०.०५ ने मागे रेटले जातात आणि ५७ घन मिलिमीटर तेल वर जातं. वर लिव्हरपाशी, तेल दाबणाऱ्या मास्टर सिलेंडरचा पिस्टन १४ मिलिमीटरचा, क्षेत्रफळ १५४. तेवढ्या तेलासाठी तो ०.३७ मिलिमीटर मागे सरकतो. लिव्हरची तरफ साधारण सहापट, म्हणजे बोटाखाली दोन मिलिमीटरहून थोडं जास्त. केसापेक्षाही बारीक फरक तुमच्या बोटाला दोन मिलिमीटर हलवतो, तोही चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा.

नवे पॅड टाकून उपयोग का झाला नाही, हेही यातच आलं. नवा पॅडसुद्धा त्याच उंचसखल पट्ट्यावरून फिरणार.

खरा गुन्हेगार

उजवी डिस्क डावीपेक्षा दहा-बारा शतांश जास्त का झिजली? दोघींना एकाच मास्टर सिलेंडरमधून एकच दाब मिळतो. मग फरक कॅलिपरमध्येच असणार.

चाक हाताने फिरवलं तर उजवीकडे सरसर घासल्याचा आवाज येत होता. कॅलिपर उतरवला. पॅड समोरासमोर ठेवले तेव्हा गोष्ट उघडी पडली. पिस्टनच्या बाजूच्या पॅडवर जेमतेम दीड मिलिमीटर मसाला, म्हणजे घासणारा थर, उरला होता, समोरच्या पॅडवर साडेतीन. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतात. ते आपल्या बाजूचा पॅड दाबतात आणि त्या धक्क्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर उलट दिशेला सरकून समोरचा पॅड ओढून घेतो. इथे खालची पिन कोरडी पडून गंजली होती. रबरी बूट फाटलेला, आत तपकिरी भुगा. पिन हाताने हलेना, वाइसमध्ये धरून पिळत काढावी लागली. अशा वेळी कॅलिपर सरकत नाही आणि ब्रेक सोडल्यावर नीट परतही येत नाही. पॅड रात्रंदिवस डिस्कला चाटत राहतो. जी थोडी डगमग प्रत्येक डिस्कमध्ये असते, तिच्यामुळे चाकाच्या दर फेरीत डिस्कचा ठरावीक भाग पॅडला जास्त घासतो, तिथे झीज वाढते किंवा पॅडचा मसाला चिकटत जातो. हजारो किलोमीटरनी त्याचाच जाडीतला फरक होतो.

ब्रेक थरथरला की 'डिस्क वाकली' म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. वाकलेल्या डिस्क असतात, गाडी पडली किंवा चाक काढून डिस्कच्या अंगावर आपटलं तर वाकतातही. पण माझ्यासमोर आलेल्या बहुतेक 'वाकलेल्या' डिस्क सरळ होत्या. जाडी सारखी नव्हती, इतकंच.

दोन्ही कॅलिपर खोलले, पिस्टन साफ केले, सील आणि पिनांचे बूट बदलले. पिनांना रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं, कारण साध्या ग्रीसने बूट फुगतात. ब्रेकचं तेलही बदललं. डॉट ४ तेल ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, आणि हवेतला ओलावा शोषून झाल्यावर किमान १५५. सतत घासणाऱ्या कॅलिपरमध्ये जुनं तेल ठेवणं म्हणजे ते उकळून उतारावर लिव्हर थेट मुठीला टेकण्याची तयारी. हे सगळं डिस्कची ऑर्डर देण्याआधी केलं. भाच्याला ते उलटं वाटत होतं, पण बाहेर काही बोलला नाही.

पर्याय

जुन्या घासून सपाट करणं हा पहिला विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. आमच्याकडे सरफेस ग्राइंडर आहे, मला तासाभराचं काम. पण डावी ४.०५. तिचा फरक काढायचा तर दोन्ही अंगांनी थोडं-थोडं घ्यावं लागणार आणि ती चारच्या खाली जाणार. उजवीचा तर प्रश्नच नव्हता. किमान जाडी ही कुणीतरी घाबरून लिहिलेली गोष्ट नसते. गाडी आणि स्वार मिळून २७० किलो धरले आणि शंभरच्या वेगातून एकदा थांबलं, तर सुमारे १०४ किलोज्यूल उष्णता होते. ती सगळी पुढच्या दोन डिस्कच्या घासणाऱ्या रिंगांत गेली असं मानू. नवी रिंग साधारण ९०० ग्रॅमची, म्हणजे तापमान सुमारे १२० अंशांनी चढतं. तीच रिंग ३.९४ पर्यंत झिजली की १३८ अंशांनी. एका थांब्याला अठरा अंशांचा फरक काहीच नाही. घाटात लागोपाठ दहा वेळा ब्रेक दाबला की ती बेरीज वाढत जाते. शिवाय पातळ डिस्कमुळे पिस्टन जास्त बाहेर येतात, आणि पॅडही संपत आले असतील तर सीलच्या टोकापर्यंत जाऊन पोचतात.

वापरलेल्या डिस्कची एक जोडी त्याने शोधून काढली. विकणाऱ्याने फोटो पाठवला, त्यात व्हर्निअर लावलेला होता आणि आकडा ४.४५. मी हसलो. मायक्रोमीटरने पट्ट्याच्या मध्यावर मोजून कळवा, असं त्याला सांगायला लावलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: ४.१२. माणूस खोटारडा नव्हता, भाच्यासारखीच चूक करत होता. पण दहा-बारा शतांश जीव उरलेली डिस्क घेण्यात काय अर्थ?

मूळ कंपनीची डिस्क मला सगळ्यात जास्त आवडली असती. पण पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीचं जे होतं तेच झालं. डावी मिळत होती, उजव्या डिस्कच्या नंबरासमोर पुरवठा बंद. एक नवी मूळची आणि एक दुसऱ्या कुणाची, असं मी करत नाही. दोन्ही बाजूंचं साहित्य आणि जाडी सारखी हवी. इथे एक काम मात्र आवर्जून करावं. जुना पार्ट नंबर बदलून नवा दिला गेला आहे का, आणि तोच नंबर कंपनीच्या दुसऱ्या एखाद्या मॉडेलला लागतो का, हे बघावं. एका पिढीच्या गाड्यांत चाकं आणि डिस्क वाटून घेतलेल्या असतात. आम्हाला त्यातून डिस्क मिळाली नाही, पण बोल्ट मिळाले.

मोठी डिस्क लावावी, ३२० ची, ही भाच्याची हौस. पॅडच्या मध्यापासूनची त्रिज्या सुमारे १३० वरून १४२ वर जाईल, म्हणजे त्याच दाबाला नऊ टक्के जास्त जोर. पण त्यासाठी कॅलिपर बाहेर सरकवणारे ब्रॅकेट लागणार, आणि त्या वाढीव जोराचा पीळ १९९८ च्या बारीक फोर्कने सोसायचा. त्याचा ब्रेक कमी पडत नव्हता, थरथरत होता. तो विषय मी दोन मिनिटांत मिटवला.

पाकळ्यांची डिस्क

एवढं सगळं चालू असताना त्याने मला न सांगता एक जोडी मागवलीच होती. बाहेरची कड पाकळ्यांसारखी कातलेली, मधली तबकडी सोनेरी. दिसायला झक्क. खोक्यावर त्याच्या गाडीचं नाव आणि साल छापलेलं.

"मामा, आता आल्याच आहेत तर बघ तरी."

बघितलं. बाहेरचा व्यास २९६, बरोबर. मधलं भोक ९४, बरोबर. सहा बोल्टची भोकं ११० च्या वर्तुळावर, तीही बरोबर. बहुतेक लोक इथपर्यंत येऊन थांबतात, कारण डिस्क हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, जाते आणि बोल्ट लागतात. चौथं माप राहून जातं: ऑफसेट. डिस्क हबवर जिथे टेकते ती पातळी आणि पॅड जिथे घासतात ती पातळी, या दोघींत किती अंतर आहे ते. सरफेस प्लेटवर जुनी आणि नवी शेजारी पालथी ठेवून डेप्थ गेजने मोजलं. नवी दीड मिलिमीटर बाहेर.

त्यावर भाच्याने जो मुद्दा काढला तो बिनतोड वाटावा असा होता. "कॅलिपर सरकतोच ना? दीड मिलिमीटर सरकेल."

कॅलिपर सरकतो, पण ज्या ब्रॅकेटवर तो बसतो ते फोर्कला घट्ट आवळलेलं असतं, आणि डिस्क त्या ब्रॅकेटच्या खाचेतून जाते. फीलर गेजच्या पातळ पात्या घालून मोजलं तेव्हा जुन्या डिस्कच्या दोन्ही अंगांना सुमारे दोन-दोन मिलिमीटर जागा होती. दीड गेल्यावर एका अंगाला अर्धा उरतो. वळणात चाक आणि फोर्क थोडे लवतात, बेअरिंग जुनं झालं की त्याचाही प्ले येतो. त्या अर्ध्या मिलिमीटरवर मी कुणाला पाठवणार नाही, भाच्याला तर नाहीच. पिस्टन दोन्ही बाजूंना असलेला न सरकणारा कॅलिपर असता, तर पहिल्याच दिवशी पॅड बसवताना लक्षात आलं असतं. सरकता कॅलिपर ही चूक पोटात घालतो, म्हणून इथे मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणखीही होतं. दोन डिस्कपैकी एकीची जाडी चार जागी ४.४१ आणि चार जागी ४.४८ आली. म्हणजे ज्या दुखण्यासाठी डिस्क बदलायच्या, ते दुखणं खोक्यातूनच आलेलं, तेही जुन्यापेक्षा मोठं. किमान जाडीचा शिक्का कुठेच नव्हता. पाकळ्यांविषयी माझं वाकडं नाही. चिखलात चालणाऱ्या गाडीला त्यांचा उपयोग होतो, चांगल्या बनावटीच्या मिळतातही. पण कड कातली की वजन जातं, आणि वजन म्हणजेच उष्णता साठवायची जागा. जोडी परत गेली. परत घ्यायला विकणाऱ्याने खळखळ केली, शेवटी घेतली.

शेवटी घेतल्या त्या

ब्रेकच्याच धंद्यात असलेल्या, आणि चारही मापांचा तक्ता छापणाऱ्या एका उत्पादकाच्या गोल, तरंगत्या डिस्क घेतल्या. आपल्याकडे ऑर्डर देण्याआधी जुन्या डिस्कची चारही मापं कागदावर होती, ती तक्त्याशी ताडली: २९६, ९४, ११०, आणि ऑफसेट. जाडी साडेचारच घेतली. पाचची घेतली असती तर जास्त टिकली असती असं वाटतं, पण नव्या पॅडसकट ती कॅलिपरमध्ये बसायला हवी आणि ब्रॅकेटच्या खाचेतूनही जायला हवी.

तरंगती म्हणजे काय, तर घासणारी पोलादी रिंग वेगळी, मधली अॅल्युमिनिअमची तबकडी वेगळी, आणि दोघींना जोडणारी दहा बटणं, ज्यांना बॉबिन म्हणतात. हा थाट दिखाव्याचा नाही. २९६ मिलिमीटरची पोलादी रिंग तीनशे अंशांनी तापली की तिचा व्यास सुमारे ०.९ मिलिमीटर वाढतो. मधली तबकडी तेवढी तापलेली नसते. अखंड डिस्क असेल तर बाहेरचा भाग फुगू पाहतो, आतला सोडत नाही, आणि रिंग बशीसारखी एका अंगाला कलते. बॉबिनमध्ये जी बारीक फट असते, तिच्यात रिंगला फुगायला वाव मिळतो.

पोलाद कुठलं, यावर थोडं रेंगाळतो, कारण जुन्या गाड्यांच्या बाबतीत इथे चूक होते. १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या मोटारसायकलवर पुढचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणला, आणि त्यानंतर जपानी गाड्यांवर स्टेनलेसच्या डिस्क रूढ झाल्या. त्या गंजत नाहीत, चकचकीत राहतात. पण त्या काळच्या पॅडबरोबर पावसात त्यांची पकड उशिरा यायची. लिव्हर दाबल्यावर क्षणभर काहीच होत नसे, मग एकदम पकड. १९७० च्या दशकातल्या इटालियन गाड्यांवर ब्रेंबोच्या ओतीव लोखंडाच्या डिस्क असत. त्या ओल्यातही धरायच्या, पण रात्रभर पावसात राहिल्या की सकाळी तांबूस व्हायच्या. पुढे धातूची भुकटी दाबून-भाजून केलेले सिंटर्ड पॅड आले आणि स्टेनलेसचं पावसातलं दुखणं बरंच हटलं. मात्र हेच सिंटर्ड पॅड ओतीव लोखंडावर लावले तर ते डिस्क खाऊन टाकतात. म्हणून कुणाच्या जुन्या गाडीवर कुठले पॅड चालतील हे विचारण्याआधी डिस्क कशाची आहे ते बघावं. चुंबक लावून कळणार नाही, कारण ब्रेक डिस्कचं स्टेनलेसही चुंबकाला धरतं. न घासणाऱ्या भागावर गंज आहे का, ते बघितलं की बरंचसं कळतं.

आपली डिस्क स्टेनलेसची, डिस्क बनवणाऱ्याच्या तक्त्यात सिंटर्ड चालेल असं लिहिलेलं. रस्त्यावर वापरायचे सिंटर्ड पॅड घेतले. शर्यतीचे नाहीत. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, आणि सकाळी गाडी बाहेर काढल्यावर पहिल्या चौकात कुणाचेच ब्रेक तापलेले नसतात.

बसवताना

जुने बोल्ट थ्रेड लॉक, म्हणजे आटे चिकटवून ठेवणारा द्रव, लावून आवळलेले असतात. नुसती अॅलन की घालून झटका दिला की डोक्याची षट्कोनी खाच गोल होते, आणि मग दुपार जाते. हॉट एअर गनने प्रत्येक बोल्टचं डोकं तापवलं, की मऊ पडलेला लॉक करकर करत सोडायचा. बारापैकी अकरा असे निघाले. बाराव्याची खाच आधीच कुणीतरी खाल्लेली होती. तिच्यात एक नंबर मोठा, ताऱ्याच्या आकाराचा टॉर्क्स बिट ठोकून बसवला आणि काढला.

डिस्क लावण्याआधी उघड्या हबवर डायल गेज फिरवला. ०.०३. म्हणजे हब आणि बेअरिंग ठीक. मग डावी डिस्क लावली, बोल्ट तिरक्या क्रमाने आवळले आणि गेज लावला. ०.२४.

भाच्याचा चेहरा पडला. "ही पण वाकडी?"

डिस्क परत काढली. सहापैकी एका बोल्टच्या भोकाच्या काठाशी जुन्या थ्रेड लॉकचा वाळलेला कण चिकटला होता, बोटाने जेमतेम कळेल एवढा. टेकण्याचं वर्तुळ ११० मिलिमीटरचं, घासण्याचा बाहेरचा काठ २९० च्या आसपास. हबपाशी एका अंगाला ०.१ मिलिमीटरची घाण असेल, तर काठापाशी ती ०.२६ होऊन दिसते. कण खरवडला, हबचा सगळा चेहरा स्पिरिटने पुसला, तिथे कधीकाळी उडालेला रंगही काढला. पुन्हा ०.१२. मग डिस्क एक भोक पुढे, साठ अंश फिरवून लावली: ०.०७. हबची वाकड आणि डिस्कची वाकड एकमेकींना खोडतात अशी एक जागा बहुधा सापडते, सहा प्रयत्नांत ती शोधायला अर्धा तास पुरतो. उजवी दुसऱ्याच प्रयत्नात ०.०९ वर आली.

बोल्ट नवे, आट्यांवर मध्यम ताकदीचं थ्रेड लॉक, आणि आवळणं गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने. हा आकडा ऐकीव घेऊ नये, त्याच जाडीच्या बोल्टला एका गाडीत २३ न्यूटन-मीटर असतो तर दुसरीत ४२. आवळल्यावर प्रत्येक बोल्टवर आणि तबकडीवर मिळून रंगाची एक रेघ मारली. बोल्ट हलला तर रेघ तुटलेली दिसते. दोनशे किलोमीटरनी पुन्हा आवळून बघायचा मोह होतो, तो आवरावा. सुकलेलं लॉक पुन्हा फिरवलं की तुटतं.

पॅड आणि डिस्क एकमेकांना लागण्यासाठी रिकाम्या रस्त्यावर साठवरून पंधरापर्यंत, असे तीसेक हलके-मध्यम ब्रेक, मधे डिस्क थंड व्हायला वेळ देऊन. पूर्ण थांबायचं नाही, आणि थांबावंच लागलं तर गरम डिस्कवर लिव्हर दाबून धरायचा नाही, नाहीतर पॅडचा ठसा तिथेच उमटतो. भाच्याने हे मन लावून केलं. पहिले दहा ब्रेक इतके बोथट वाटले की त्याने परत येऊन मला विचारलं, पिस्टन नीट बसवलेत ना.

त्यानंतर

धकधक गेली. पण आठवड्याने फोन आला. "मामा, गाडी ढकलताना पुढून टिकटिक येते." तरंगत्या डिस्कची बॉबिनं थंड असताना एवढं बोलतात. त्याला सांगितलं की रिंग हाताने धरून पुढे-मागे फिरव, किंचित आणि घट्ट हालचाल हवी. मग आत-बाहेर हलवून बघ, तिथे ती लुळी पडता कामा नये. त्याने दोन्ही डिस्कची सगळी बटणं तपासली. आवाज आहे तो आहे.

२,४०० किलोमीटरनी पुन्हा मायक्रोमीटर लावला. डावी ४.४९ ते ४.५०, उजवी तशीच. चारही पॅडवरचा मसाला दोन-तीन दशांशाच्या आत सारखा. पिनांचे बूट कोरडे, आत ग्रीस ओलं.

मागची डिस्क अजून मूळचीच आहे, ४.७१, मर्यादा साडेचार. तिच्या कॅलिपरची पिन मात्र या खेपेला काढून पाहिली, तर तीही अर्धी गंजलेली. पुढच्या रविवारी ते काम आहे.